विजापूरची जामा मशीद कशी बघावी: मिहराब सगळ्यात शेवटी

सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर. सकाळी निघायचं, गोल घुमटावर चढायचं, टाळी वाजवून तिचा घुमणारा आवाज ऐकायचा, खाली येऊन उसाचा रस प्यायचा आणि 'आता आलोच आहोत तर' म्हणून जामा मशीद. चपला काढायला दोन मिनिटं, सोनेरी मिहराबीसमोर, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्यासमोर, फोटो काढायला तीन, आणि 'चला, इब्राहिम रोजा राहिलाय' म्हणत परत गाडीत. पाहुण्यांना घेऊन मी स्वतः दोनदा हेच केलंय. तिसऱ्या खेपेला मोबाईल मिहराबीकडे रोखून उभा होतो, तेव्हा शेजारी बसलेले एक म्हातारे चाचा हसून म्हणाले, "उप्पर देखो ना साब, उप्पर." वर पाहिलं आणि जाणवलं की दोन फेऱ्या फुकट गेल्या होत्या.

गडबड होते ती क्रमात. मिहराब चकचकीत असल्यामुळे पावलं आधी तिकडेच वळतात, आणि एकदा ती पाहिली की बाकी इमारत नुसती पांढरी, रिकामी वाटू लागते. म्हणून खालचा क्रम जाणूनबुजून उलटा लावलाय: आधी कागद, मग बाहेरची भिंत, अंगण, खण, घुमट आणि शेवटी मिहराब. आदिलशाहीचा इतिहास इथे सांगत बसत नाही. पहिल्या अली आदिलशहानं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मशीद बांधायला घेतली आणि ती कधीच पुरी झाली नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं.

## १. घरीच: कागदावरचा घुमट

ही पायरी गाळू नका. दहा मिनिटांचं काम आहे, पण तिथे गेल्यावर डोळ्यांना काय शोधायचं ते इथेच कळतं.

वीतभर बाजूचा चौरस काढा. प्रत्येक बाजूचे तीन समान भाग करून दोन-दोन खुणा करा. चार बाजूंवर मिळून आठ खुणा होतील. वरच्या बाजूच्या डावीकडच्या खुणेपासून घड्याळाच्या दिशेनं त्यांना १ ते ८ आकडे द्या. कोपऱ्यांना आकडे द्यायचे नाहीत. आता १, ३, ५, ७ आणि परत १ असं जोडा. एक तिरका चौरस तयार होईल. मग २, ४, ६, ८ आणि परत २. दुसरा चौरस, उलट्या बाजूला कललेला. दोन्ही एकमेकांना छेदतात आणि मधोमध आठ बाजूंची जागा उरते. तिच्यात हातानं एक वर्तुळ काढा.

झाला जामा मशिदीच्या घुमटाचा नकाशा. आठ आकडे म्हणजे आठ खांब, चार कोपरे म्हणजे आणखी चार खांब. तुम्ही मारलेली प्रत्येक तिरकी रेघ म्हणजे दोन खांबांमधून वर चढलेली एक कमान. मधल्या अष्टकोनावर घुमट बसतो.

पडताळा: दोन्ही तिरके चौरस सारखेच आले पाहिजेत. एक पतंगासारखा लांबट आला असेल, तर आकडे देताना एखादी खूण सुटलीय. घडी घालून हा कागद खिशात ठेवा.

## २. दिवस आणि वेळ

मशिदीत आजही रोज नमाज होते. भारतीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षण असलं तरी हे संग्रहालय नव्हे, आणि निम्म्या चुका हे विसरल्यामुळेच होतात.

शुक्रवार टाळा. 'फक्त दुपार टाळली की झालं' असं लोक म्हणतात, पण जुम्याच्या नमाजेआधी सफाई आणि अंथरणं टाकणं बराच वेळ चालतं, आणि तुमच्या फेरफटक्यात कोणाला रस नसतो. रमजानात संध्याकाळ नको, ईदच्या दिवशी तर नकोच. बाकी दिवशी सकाळी आठ ते साडेदहा ही वेळ उत्तम. पहाटेची फज्र आटोपलेली असते आणि दुपारच्या जोहरला अवकाश असतो.

सकाळ निवडायला दुसरं कारण उजेडाचं. भारतातून मक्का पश्चिमेकडे येते, म्हणून मिहराब पश्चिमेच्या भिंतीत आणि दालनाच्या कमानी पूर्वेला, अंगणाकडे तोंड करून. सकाळचं ऊन अंगण ओलांडून थेट त्या कमानींवर पडतं आणि तिरपं आत शिरतं. दुपारनंतर सूर्य इमारतीच्या पाठीमागे जातो. कमानी काळवंडतात, मागचं आभाळ पांढरं पडतं, आणि तुमचा फोटो कुठल्याही गावच्या कुठल्याही मशिदीचा वाटतो.

एक गंमत सांगतो. बऱ्याच मशिदींत भिंतीवर पाच-सहा छोट्या घड्याळांची पाटी असते, प्रत्येकाचे काटे वेगळ्या वेळेवर थांबलेले. माझा आतेभाऊ एकदा म्हणाला, "एवढी घड्याळं लावलीत आणि एकही चालू नाही!" ती चालायची नसतातच. कोणती जमात, म्हणजे सगळ्यांनी एकत्र पढायची नमाज, किती वाजता उभी राहणार ते त्यावर दाखवलेलं असतं. आत शिरल्यावर आधी ही पाटी शोधा, नाहीतर तिथे असलेल्या कोणालाही विचारा. पुढच्या जमातीच्या वीस मिनिटं आधी दालनातून बाहेर आलेलं असावं.

इशारा: अजान झाली म्हणून धावत बाहेर पडायची गरज नाही. अजान आणि जमात यांच्यात थोडा वेळ असतो. पण तेव्हापासून फोटो बंद, बोलणं बंद, आणि सावकाश अंगणाच्या कडेला यायचं.

## ३. कपडे आणि पिशवी

गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे, पुरुषांनीही. हाफ पँट घालून आलेल्या तरुणाला दाराशीच लुंगी गुंडाळायला लावलेली मी पाहिलीय, आणि ती लुंगी फोटोत काही शोभत नव्हती. बायकांनी ओढणी किंवा पदर डोक्यावर घ्यावा, पुरुषांनी रुमाल बांधला तर चांगलंच. बायकांना दालनात कुठवर जाता येईल हे वेळेवर आणि गर्दीवर ठरतं. दारात विचारून घ्यावं. सहसा नीट सांगतात.

पिशवीत एवढंच:

- जाड मोजे. चपला बाहेर राहतात आणि अंगणातली फरशी मार्च उजाडला की दहा वाजताच तापायला लागते. मोजे नसतील तर अंगण पळत ओलांडाल, आणि या मशिदीत पळत ओलांडू नये अशी एकच जागा असेल तर ती अंगण.
- तळहाताएवढा आरसा. कशाला, ते आठव्या पायरीत.
- घडी घातलेला कागद.
- चपलांसाठी कापडी पिशवी.

छोटी दुर्बीण असली तर उत्तम. तिपाई घरीच ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिला वेगळी परवानगी लागते आणि ती काढत बसण्यात सकाळ निघून जाते. प्रसाद, फुलं, नारळ आणू नका. हे सांगावं लागतं, कारण विजापुरात दर्गेही बरेच आहेत आणि लोक दोन्हींत गल्लत करतात. जामा मशिदीत कबर नाही, मूर्तीही नाही, आणि वाहायचं काही नाही.

## ४. आत जाण्याआधी बाहेरची भिंत

गाडीतून उतरून थेट दारात शिरणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी बाहेरून निदान एका बाजूची भिंत चालून पहा.

भिंतीवर कमानींच्या दोन रांगा आहेत, एकीवर एक. खालच्या रांगेतल्या कमानी बंद आहेत. भिंतीत कोरून नुसता आकार दिलाय. वरच्या उघड्या आहेत आणि त्यांच्यामागे कमानींची ओवरी भिंतीभोवती फिरते. मोठी कोरी भिंत तुरुंगासारखी दिसू नये म्हणून केलेली ही युक्ती. सकाळी वरच्या रांगेत खरी खोल सावली असते आणि खालच्या रांगेत बोटभर. हा फरक पाच मिनिटं उभं राहून पाहण्यासारखा आहे.

मग पूर्वेच्या टोकांना मिनार शोधा. सापडणार नाहीत, कारण पूर्वेला दोन मिनार उभारायचे ठरले होते आणि ते झालेच नाहीत. अंगणाच्या बाजूला, कठड्यावर शोभेच्या कंगोऱ्यांची रांग यायची, तीही राहिली. 'पडलं असेल' असं म्हणू नका. पडलेलं आणि न बांधलेलं यातला फरक ओळखायला शिकणं हेच या पायरीचं काम.

पडताळा: दारात पाऊल टाकण्याआधी स्वतःला विचारा, बाहेरून घुमट किती दिसले? उत्तर एक. हा आकडा लक्षात ठेवा, सातव्या पायरीत लागेल.

## ५. शिरताना

चपला उंबऱ्याबाहेर काढून पिशवीत घाला. मोबाईलचा आवाज बंद करा. नुसता थरथर मोड नको. रिकाम्या दगडी दालनात तीही ऐकू जाते.

कोणी दिसलं तर सलाम किंवा नमस्कार करून "बघून घेऊ का?" एवढं विचारा. मराठी चालतं, हिंदी तर चालतंच. विजापुरात कानडी, दख्खनी आणि मराठी एकाच वाक्यात ऐकायची सवय ठेवा. वडीलधाऱ्यांना चाचा म्हटलं की निम्मी दारं उघडतात. कोणी 'गाइड' म्हणून पुढे आलं तर आधी पैसे ठरवा, आणि स्पष्ट सांगा की आम्हाला घुमट समजून घ्यायचाय. नाहीतर तो तुम्हाला सरळ मिहराबीपाशी नेऊन उभं करेल, आणि आपला सगळा क्रम पाण्यात.

इशारा: नमाज पढणाऱ्या माणसाच्या समोरून जाऊ नका. मागून जा. मागे जागा नसेल तर थांबा. ही एकच गोष्ट पाळली आणि बाकी सगळं चुकलं, तरी लोक तुम्हाला समजून घेतात.

## ६. अंगण: हौदाच्या कडेला

अंगणात मधोमध हौद आहे. हातपाय धुऊन वजू करायची ही जागा. त्यात पाय सोडून बसू नका आणि त्याच्या काठावर बाटल्या ठेवू नका. हौदाच्या पूर्वेला, दालनाकडे तोंड करून उभे राहा. मध्यरेषा अचूक सापडली पाहिजे: मधली कमान आणि घुमटाचं टोक एका ओळीत.

आता नजर खालून वर न्या. घाई नको.

पहिल्यांदा कमानी. मधल्या कमानीची कड बाकीच्यांसारखी साधी नाही, तिला पाकळ्या आहेत. एवढ्या मोठ्या दर्शनी भागात हा जवळपास एकुलता एक दागिना, आणि तो मिहराबीच्या रेषेतच आहे. दिशा दाखवायला आदिलशाही गवंड्यानं पाटी लावली नाही, कमान वेगळी केली.

मग छज्जा आणि त्याच्या सावलीची पट्टी. सकाळी नऊला ती किती रुंद आहे ते पहा, निघताना पुन्हा पहा.

मग घुमट. तो थेट छतातून उगवत नाही. आधी एक चौकोनी चौथरा वर येतो, त्याला कमानींच्या खिडक्या आहेत, आणि त्यावर पाकळ्यांच्या पट्ट्यातून घुमट निघतो. शिखरावर चंद्रकोर आहे. चौथऱ्यातल्या खिडक्या डोळ्यांनी पकडून ठेवा. आत गेल्यावर घुमटाखालचा उजेड कुठून येतो हा प्रश्न पडणार आहे, त्याचं उत्तर हेच.

या पायरीला पंधरा मिनिटं द्या. बहुतेक लोक पंधरा सेकंद देतात, तीही सेल्फीला.

## ७. दालन: खण मोजा

वाडा ज्यानं पाहिलाय त्याला 'खण' म्हणजे काय हे सांगायला नको. दोन खांबांमधली जागा. वाडा किती मोठा, तर किती खणी. इथेही तोच हिशेब लावा, फक्त लाकडी खांबांच्या जागी चुनेगच्चीचा गिलावा केलेले जाडजूड दगडी खांब आहेत आणि तुळईच्या जागी कमानी.

उत्तर-दक्षिण नऊ खण, पूर्व-पश्चिम पाच. नऊ पाचे पंचेचाळीस. पण खण मोजत चाललात तर पंचेचाळीस भरत नाहीत. मधे तीन बाय तीन, म्हणजे नऊ खणांच्या जागी एकच मोठी मोकळी जागा लागते. तिच्यातले चार खांब काढलेत. उरले छत्तीस.

आता या छत्तीसांपैकी कुठल्याही एका खणाखाली थांबून वर पहा. प्रत्येकावर स्वतःचा छोटा, उथळ घुमट आहे. मघाशी बाहेरून एकच घुमट दिसला होता ना? हे सगळे सपाट गच्चीखाली दडवलेत, मोठ्याशी स्पर्धा नको म्हणून. मला या मशिदीतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते, मोठ्या घुमटापेक्षाही. छत्तीस घुमट बांधायचे आणि एकही दाखवायचा नाही, याला धीर लागतो.

एका टोकाच्या खणात जाऊन दुसऱ्या टोकाकडे पहा. एकामागे एक कमानी लहान होत जातात, पांढऱ्याचे चार-पाच प्रकार दिसतात. इथे फोटो काढा. माणसं नसलेला, मोबाईल छातीच्या उंचीवर सरळ धरून. वर कलवला की कमानी वाकड्या येतात.

पायांखाली पहा. फरशीवर माणसापुरत्या चौकटी आखल्या आहेत, एकेका नमाजीची जागा, सुमारे सव्वादोन हजार. त्या औरंगजेबाच्या काळातल्या मानल्या जातात. अनवाणी किंवा मोजे घालून त्यांवरून चालायला हरकत नाही. अंथरलेल्या जानमाजांवरून, म्हणजे नमाजेच्या सतरंज्यांवरून, मात्र चालू नका.

चूक जी हमखास होते: गोल घुमट आधी पाहून आलेली मंडळी इथे टाळी वाजवतात. पोरं तर 'ओऽऽ' करतात. आधीच बजावून ठेवा. एका मुलानं टाळी वाजवली तेव्हा कोणी रागावलं नाही, पण कोपऱ्यात कुराण वाचत बसलेल्या माणसानं मान वर करून नुसतं पाहिलं. मुलाच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. ते वडील म्हणजे मी.

## ८. घुमटाखाली: कागद काढा

आता मधल्या मोकळ्या जागेत या. आधी वर बघायचं नाही. आधी खांब. प्रत्येक बाजूला तीन कमानी, चारही बाजूंच्या मिळून बारा. कोपऱ्यांतले चार आणि बाजूंवरचे आठ धरून खांबही बारा. कागदावरच्या आठ खुणा कोणत्या आठ खांबांची, हे बोटानं दाखवता आलं पाहिजे. घरच्यांसोबत असाल तर एकेकाला एकेका खांबाशी उभं करा आणि आकडे द्या. पोरांना हा खेळ फार आवडतो, आणि घुमट त्यांनाच आधी कळतो.

आता वर. खांब क्रमांक १ वरून निघालेली कमान कुठे जाते? शेजारच्या बाजूच्या ३ कडे. २ वरची ४ कडे. मधे त्या एकमेकींना छेदतात. एक जोडी पक्की पकडली की बाकीच्या आपोआप दिसायला लागतात आणि मघापर्यंतच्या नुसत्या पांढऱ्या पृष्ठभागात आठ टोकांची चांदणी उमटते. मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मानेला रग लागली होती, तरी मान खाली घेववेना.

त्या रगेसाठीच आरसा. पोटाशी आडवा धरा आणि त्यात पहा. मान मोडत नाही आणि चांदणी हातात येते. मोबाईलचा समोरचा कॅमेराही चालतो, पण मोबाईल हातात आला की माणूस लगेच फोटो काढतो आणि बघणं थांबतं. फरशीवर उताणं मात्र पडू नका. इतरत्र चालून जाईल, इथे बरं दिसत नाही.

हे सगळं कशासाठी केलं? दोन अडचणी होत्या. खालची जागा चौकोनी, वरचा घुमट गोल. चौकोनाचा आधी अष्टकोन केला की गोल जवळ येतो, ही पहिली अडचण सुटली. दुसरी जास्त अवघड. घुमट नुसता खाली दाबत नाही, बाहेरही रेटतो. कणकेची वाटी पालथी घालून वरून दाबा, कड बाहेर पसरते, तसंच. विजापूरच्या गवंड्यांनी कमानी आतल्या बाजूला झुकवून त्यांवर भरीव बांधकाम चढवलं. हे वजन आत ओढतं, घुमट बाहेर रेटतो, आणि दोघांचं भांडण तिथल्या तिथे मिटतं. त्यामुळे खालचे खांब घुमटाच्या मानानं बारीक ठेवता आले आणि मधले चार काढूनच टाकता आले.

पडताळा: पुढे जाण्याआधी सोबतच्या एकाला, कागद न दाखवता, दोन चौरसांची गोष्ट समजावून सांगा. अडखळलात तर अजून पाच मिनिटं इथेच थांबा. मिहराब कुठे पळून जात नाही.

## ९. आता मिहराब

पश्चिमेच्या भिंतीतला हा सोनेरी कोनाडा. त्याच्या बाजूला मिंबर, म्हणजे जुम्याला खुतबा (प्रवचन) देण्यासाठी इमाम चढतो त्या पायऱ्या. त्यांवर चढू नका, टेकू नका, मुलांना बसवून फोटो तर अजिबात नको. पडदा ओढलेला असेल तर स्वतः सारू नका, विचारा.

बघायची रीत अशी. आधी दहा पावलांवरून. पूर्ण पांढऱ्या इमारतीत सगळं सोनं या एकाच जागी ओतलंय. म्हणूनच ते इतकं पेटतं, आणि म्हणूनच पांढरं आधी बघायचं होतं. मग जवळ जा आणि सोनं विसरून चित्रं शोधा. भिंतीवर रंगानं फडताळं काढलीत, त्यांत पुस्तकं ठेवल्यासारखी, फुलदाण्या, साखळ्यांनी टांगलेली धूपदानं, छोटे मिनार आणि कबरी. सपाट भिंतीला खोली आणलीय. डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा. खरी खोली असती तर आतल्या वस्तू सरकल्या असत्या. सरकत नाहीत, तिथे रंग. सरकतात, तिथे खरा कोनाडा. दोन्ही आहेत आणि सांधा ओळखणं सोपं नाही.

अक्षरं वाचता आली नाहीत तरी त्यांच्या पट्ट्या कुठून कुठे फिरतात ते पहा. ही सजावट मशिदीनंतर बरीच उशिरा, 1636 च्या सुमारास, मुहम्मद आदिलशहाच्या काळात झाली आणि ती करवणारा होता मलिक याकूत. त्याला याकूत दाभुली म्हणत. दाभुली म्हणजे आपल्या रत्नागिरीकडच्या दाभोळचा. कोकणातून आलेल्यांनी इथे दोन मिनिटं जास्त थांबायला हरकत नाही.

इशारा: हात लावू नका, फ्लॅश मारू नका. मिहराबीकडे पाठ करून सेल्फी घ्यायला कोणी कायद्यानं अडवणार नाही, पण ज्या दिशेला इथली माणसं रोज कपाळ टेकवतात तिकडे पाठ करून दात काढणं कसं दिसतं, याचा विचार करा. कोणी नमाज पढत असेल तर मिहराबीचा फोटो राहू द्या.

बाहेर पडताना हौदापाशी मागे वळून छज्जाच्या सावलीची पट्टी पुन्हा पहा. रुंद झालेली असेल. चपला घाला.

## १०. त्यानंतर गोल घुमट

गोल घुमट इथून दीडेक किलोमीटरवर, रेल्वे स्टेशनजवळ. सगळे आधी तिथे जातात. मी उलट सांगतो, आणि यात एक तोटा आहे तो आधीच सांगून टाकतो: तिथल्या कुजबुजीच्या सज्जात, जिथे कुजबूजही पलीकडे ऐकू जाते, आवाजाची खरी मजा सकाळी दार उघडतानाच असते. अकरानंतर शाळेच्या सहली येतात आणि नुसता कल्ला होतो. दोन दिवस असतील तर पहिल्या सकाळी मशीद, दुसऱ्या सकाळी गोल घुमट. एकच दिवस असेल तर कुजबुजीवर पाणी सोडा. इब्राहिम रोजा उन्हं कलल्यावर करा.

गोल घुमटात शिरल्यावर जिन्याकडे धावू नका. आधी खाली, मधोमध थांबा आणि कागद पुन्हा काढा. इमारत 1656 ची, घुमट बाहेरून 44 मीटर व्यासाचा, आत एकही खांब नाही. पण वर पहा: त्याच आठ कमानी, तेच दोन तिरके चौरस, तीच मधली अष्टकोनी जागा. जामा मशिदीत आठ खांबांवरून निघालेल्या कमानी इथे थेट भिंतींतून निघतात, एवढाच फरक.

मग कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून सात मजले चढून सज्जात या. घुमटाच्या आतल्या कडेनं फिरणारा हा रुंद सज्जा वेगळा बांधून टांगलेला नाही. कमानींनी आत ओढून आणलेल्या बांधकामाचाच तो माथा आहे. आजूबाजूला सगळे टाळ्या वाजवत असतील. तुम्ही कठड्यापाशी जाऊन, सांभाळून, खाली पहा आणि आपण क्रमांक किती ते किती या रेघेवर उभे आहोत ते कागदावर शोधा.